पत्रांचे प्रकार

खानापूर. मलप्रभेवरचा पूल, तिसऱ्या खांबाशी आलेला.
कंटेनरमधल्या ऑफिसात सकाळपासून
मी पत्रांचे प्रकार भरतोय.

नवीन प्रकार. नाव: खुलासा-मागणी.
अनुक्रमांक चार आकडी,
उत्तराची मुदत सात दिवस,
प्रत हिरेमठ साहेबांना, आपोआप.
मग नोटीस. मग विलंब-सूचना;
तिला लाल रंग दिला, कुणी सांगितलं नव्हतं.

भाषेच्या चौकटीत दोनच पर्याय.
तिसरी आम्ही चहाला वापरतो.

दुपारी मष्णू हुंदरे दारात,
गुडघ्यापर्यंत चिखल, म्हणून पायरीवरूनच:
"पाणी चढालंय. खरं सळ्या वर काढून ठेवल्यात."

हे कशात घालू?
खुलासा कुणी मागितला नव्हता.
नोटीस म्हणावी तर सही नाही.
आणि विलंब कसला,
हा तर नदीच्या आधी पोचला.

शेवटी 'इतर' उघडला.
मुदतीच्या रकान्यात शून्य टाकलं.
घेईना. किमान एक दिवस, म्हणतं.

बरं, एक.
जतन करा दाबलं की नाही आठवत नाही,
टेबलाखाली वाकून
मी गमबुटाचा दुसरा पाय शोधत होतो.