गाळा नंबर नऊ

शटर वर जाताना असं ओरडलं
की समोरचा भजीवाला झारा घेऊनच बाहेर आला.
चार वर्षं उघडलं नव्हतं.
आत टॉवेलचा वास तसाच,
कांजीचा, थोडा उंदरांचा.

साखर पेठेतला हा गाळा वडलांचा.
आधी माग गेले, भंगारात, किलोवर.
मग गिऱ्हाईक. मग वडील.
मी 'भाड्याने देणे आहे' लिहून खाली नंबर टाकला,
फोन आले ते कर्ज हवंय का विचारणारे.

मग ही आली, उत्कर्षा नडगिरे,
स्कूटीला शिडी आडवी बांधून.
रिकामाच आहे तर सत्तावीस दिवस द्या की ओ, म्हणाली.
भाडं जमणार नाही. लाइट बिल भरते, झाडून देते.
विकणार काय?
काहीच नाही.
सोलापुरात, काहीच न विकणारं दुकान!
मी हसलो आणि किल्ली दिली,
कारण नुसतं झाडायला माणूस तीनशे मागत होता.

तिनं रॅक हलवले नाहीत.
माळ्यावरनं जेकार्डचे पुठ्ठे काढले,
दोरीत ओवलेले, कडा कुरतडलेले,
छतापासनं खाली सोडले,
मागे एक पिवळा बल्ब.
भिंतभर भोकंभोकं उजेड.

पहिल्या दिवशी शाळेची चार पोरं आणि एक कुत्रं.
दुसऱ्या दिवशी विड्या जमा करायला निघालेल्या बायका,
डोक्यावरची सुपं रॅकवर ठेवून पाच मिनिटं टेकल्या.
एकीनं पानं कापायच्या कात्रीनं कागद कापून दिला,
बोलता बोलता, हाताकडं न बघता,
सगळे तुकडे एका मापाचे.
उत्कर्षानं तेही टांगले.
भजीवाला म्हणाला, मग माझा झारा टांगा,
त्यालाबी भोकं आहेत.
टांगला.

नवव्या दिवशी नरसय्या बोल्ली.
मोतीबिंदूचे डोळे, पायात दोन वेगवेगळ्या चपला.
उजेडाकडं बघितलंच नाही त्यानं.
सरळ पुठ्ठ्याला हात घातला,
बोट ओळीओळीनं सरकत गेलं,
ओठांत आकडे.
"इदी ना नेमली," म्हणाला.
माझा मोर हा, मी पाडलेला.
आणि एका पुठ्ठ्यावर थांबला.
"हे भोक नको होतं.
मोराच्या मानेत एक धागा जास्त आला.
तुमच्या वडलांनी अकरा रुपये कापले.
टॉवेल मात्र सगळे खपले, हैदराबादला."
रागानं नाही,
आज ऊन जास्त आहे म्हणावं तसं.

रात्री वही काढली.
वडलांचं अक्षर, उजवीकडं कललेलं:
न. बोल्ली, पुठ्ठा चूक, वजा ११.
खाली, त्याच तारखेला:
सिनेमा, बाल्कनी, दोन तिकिटं.
आईला घेऊन गेले असतील.
की नसतील.

सकाळी मी अकरा रुपये पुढे केले.
व्याज किती धरायचं ते रात्रभर ठरलं नव्हतं.
त्यानं मोजून घेतले, एक नोट, एक नाणं,
खिशात घातले, खिसा वरनं चाचपला,
आणि विचारलं,
"पावती मी द्यायची, का तुम्ही?"

अठ्ठाविसाव्या दिवशी किल्ली परत.
बिल भरलेलं, फरशी पुसलेली,
पुठ्ठे माळ्यावर, झारा कढईत.
भिंतीत खिळ्यांची भोकं राहिली होती,
ती मीच पुट्टीनं बुजवली, नवा भाडेकरू येणार म्हणून.

आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.
भाडं पाच तारखेला येतं. बरं चाललंय.

परवा त्या पोराचा फोन आला.
काका, एक म्हातारा रोज येतो,
घेत काहीच नाही,
एकेक कव्हर हातात धरून
कॅमेऱ्यासाठी सोडलेल्या भोकांवरनं
बोट फिरवत बसतो.
काय सांगू त्याला?

मी म्हणालो, सांगू नको.
विचार,
कुठलं चुकलंय.