नळीतला पिवळा रंग

नळीत पाच थेंब टाकले की
पाण्याने थोडं लाजायचं असतं,
निदान कच्च्या डाळिंबाच्या दाण्याइतकं.
नोव्हेंबरभर ते पिवळंच पडत राहिलं.
मात्रा मोजणारा पंप बंद होता,
त्याचा एक वॉशर देब्रेत्सेनहून यायचा होता,
आणि मी, एकोणीस वर्षं या तलावाचा राखणदार,
आम्लाचा कॅन तिरका करून
अंदाजपंचे ओतत होतो.

पाणी मात्र काय नितळ!
तळाच्या काळ्या पट्ट्या हात घालून उचलाव्यात.
प्रशिक्षक खूश, नगरपालिका खूश.
मी बोट बुडवून जिभेला लावायचो,
आमच्या वडिलांच्या काळची रीत,
आणि वहीत लिहायचो: ठीक.

पहाटे साडेपाचला मुलं येत,
तिसा नदीवरचं धुकं टोप्यांना चिकटवून.
एमोके सगळ्यांच्या आधी. चौथी लेन.
बटरफ्लायमध्ये दर हाताला तोंड उघडावं लागतं,
हवेबरोबर घोटभर माझं पाणी आत,
मग बाहेर,
मग पुन्हा आत.
आठवड्याचे सतरा तास.

जानेवारीत बाकावर सफरचंद खाताना
ती एका घासावरच थांबली.
"बॅर्तलान काका, दात आंबलेत."
गोड सफरचंद होतं. मीच दिलेलं.

डॉक्टर हलमोशीबाईंनी तिला चॉकलेटचं विचारलंच नाही म्हणे.
विचारलं, "कुठे पोहतेस?"
आरसा धरून दाखवलं:
पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या,
दिव्याचा उजेड आरपार.
दुधाचे दात पडले तेव्हा मागे दुसरे रांगेत होते,
यांच्या मागे कुणी उभं नाही.
हे सगळं तिच्या आईने मला
लॉकरची किल्ली परत देता देता सांगितलं,
हवामान सांगावं तसं.

रात्री मी नोव्हेंबरची पानं काढली.
सात पूर्णांक दोन. सात पूर्णांक दोन.
तीस दिवस, एकच पेन, एकच बैठक,
अक्षर इतकं सुबक की माझं वाटेना.

मग नेहमीसारखी कवळी काढली,
पेल्यात ठेवली,
आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिलो.
वरचे सोळा, खालचे चौदा,
सगळे विकतचे.
त्यांना काय आंबणार?
मी चव घेत होतो ती यांच्या भरवशावर.

तीस आकड्यांवर रेघ मारली.
शेजारी लिहिलं: पिवळं. पिवळं. पिवळं.
पंधराव्या ओळीला पेन संपलं,
पुढचं पेन्सिलीने.

आज नळी गुलाबी आहे.
एमोके कठड्याला टेकून चष्मा पुसतेय.
वही काखेत घेऊन मी चौथ्या लेनपाशी उभा.
"काय झालं काका?" म्हणते,
आणि हसते,
ओठ मिटून.