झालं म्हणतंय

वडणग्याच्या दूध संस्थेत पहाटे पाच सत्तेचाळीसला
लाईट गेली. यूपीएसची बॅटरी तर
गणपतीपासूनच फुगलेली.
नऊ मिनिटांनी परत आली तेव्हा
मशीन मुकाट चालू झालं
आणि अकरा जणांचं दूध
त्याला आठवेना.

कॅन भरलेले होते. फॅट काढून झालं होतं.
पावत्या फाडून दिल्या होत्या.
स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढं
हिरवं अक्षर उमटून गेलं होतं: झालं.

रावसो खोत, सेक्रेटरी, फोनवर म्हणाले,
"ताई, दूध नासतं ते म्हाईत हाय.
दुधाचा हिशेब नासल्याला पयल्यांदाच बघितला."

राजारामपुरीतून निघाले, स्कूटीवर,
पंचगंगेच्या पुलावर धुकं,
डोक्यात एकच: खोटं नेमकं कोण बोललं?
डेटाबेस म्हणतो, मी सिस्टीमला सांगितलं.
सिस्टीम म्हणते, मी डिस्कच्या हवाली केलं.
डिस्कनं वरच्यावर झेललं, कॅशमध्ये,
ओंजळीत धरल्यासारखं,
आणि तबकडीवर उतरवायच्या आधीच ओरडली: झालं.
आपल्याकडं नाही का, फोनवर "आलोच" म्हणणारा
अजून अंघोळीला बसलेला असतो.

प्रत्येक सिस्टीमची तऱ्हा वेगळी.
लिनक्सला नीट बजावलं
तर डिस्कच्या मानगुटीवर बसून लिहून घेते.
मॅकला नुसतं "लिही" म्हटलं तर कागद दारापर्यंतच जातो,
"आत नेऊन ठेव, मी थांबते" हे वेगळं म्हणावं लागतं.
विंडोजमध्ये सेटिंगच्या तळाशी एक बारका चौकोन,
त्यात टिक केली की डिस्कला कुणी विचारतच नाही
खरंच लिहिलंस का.

मी तो चौकोन उघडला.
टिक होती.
आणि मला ती टिक आठवली.

दसऱ्याआधीची सकाळ, रांग देवळापर्यंत,
किटल्या या हातातून त्या हातात,
कुणीतरी बोललं, मशीन म्हातारं झालं काय ओ?
मी हसले, माऊस फिरवला,
रांग भराभरा सरकली. मला चहा मिळाला.
त्यात जास्तीची साय होती.

दहा जण पावत्या घेऊन आले.
अकराव्या आक्काताई मगदूम.
त्यांच्या पावतीनं चूल पेटली होती.
"चार लिटर सहाशे. फॅट सात दोन," त्या म्हणाल्या.
"म्हशीनं दिलंय, मी आणलंय, तुम्ही ओतून घेतलंय.
आणि कुणाला इचारायचं राहिलंय?"
रावसोंनी माझ्याकडं बघितलं. मी डिस्ककडं.
मग हातानं टाईप केलं: चार पूर्णांक सहा.

टिक काढली.
दुपारी चालत्या मशीनची वायर
स्वतः उपटली, सात वेळा.
सातही वेळा, झालं म्हटलेलं सगळं जागेवर होतं.
जे नव्हतं, त्याला झालं म्हटलंच नव्हतं.

संध्याकाळच्या रांगेत आता
माणसामागं एक श्वास उशीर होतो.
किटली रिती झाली की लोक मान वर करतात:
झालं का?
स्क्रीन गप्प.
थांबा, मी म्हणते.
अजून खाली उतरतंय.