चोडण–रायबंदर, पायी

चौतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनापाशी काढली.
चोडण–रायबंदर, रायबंदर–चोडण.
निरोपाच्या दिवशी कुणी हिशेब मांडला,
पृथ्वीला चार-पाच वेढे झाले म्हणे माझे.
त्यातलं हातभर अंतरही
मी चाललो नव्हतो.

डॉक्टर मिनेझिसनी रक्ताच्या कागदामागे एक नळी काढली,
आत कडेकडेने पेन्सिल घासली.
म्हटलं, बाई, ही पाईप माझ्या ओळखीची आहे.
इंजिन थंड ठेवायला मांडवीचं पाणी आत ओढते ती.
तिच्यात कालवं धरतात,
आधी तांदळाएवढी,
मग एकावर एक.
बाहेरून रंग कसा, नवाकोरा.
इंजिन चकार शब्द काढत नाही
आणि तापतं ते नेमकं चवथीच्या आदल्या दिवशी,
डेकवर माटोळीचं सामान, माणसं, स्कूटर,
आणि बोट मध्यावर.

त्या हसल्या. मग तुम्हाला काय समजवायचं?

पण समजणं वेगळं, गिळणं वेगळं.
पांढरी, लांबट, रात्री एक.
पाकीट मी पंचांगाच्या मागे सारलं
आणि चालायला लागलो.
बांधावरून मानशीपर्यंत, मानशीवरून घरी,
एका बाजूला खाजन, एका बाजूला खारफुटी,
चिखलात उड्या मारणारे डोळेफुगे मासे
मला बघून बिळात.
सुकांतीने हुमणातला नारळ
ओळख दाखवण्यापुरता ठेवला.
चार महिन्यांत सहा किलो उतरलो.
पट्ट्याला नवं भोक पाडलं, खिळ्याने.

वाईट कोलेस्टेरॉल : एकशे ब्याण्णव होतं, एकशे एकाहत्तर झालं.
मी कागद टेबलावर असा ठेवला
जसा पत्त्यांत एक्का टाकतात.

त्यांनी पाहिला. छान, म्हणाल्या. आणि गोळी?
मी भिंतीवरच्या येशूकडे बघत राहिलो.
मग त्यांनी विचारलं, वडील कशाने गेले?

बाबा रेंदेर.
दिवसाला चाळीस माड, सकाळ-संध्याकाळ,
कमरेला कोयता, दुदिणें,
अंगावर चिमटीत धरायला मांस नाही.
त्यांच्याएवढा व्यायाम
या तालुक्यात कुणी केला नसेल.
एक्कावन्नाव्या वर्षी
माडाच्या बुंध्याशी बसलेले सापडले,
दुदिणें मांडीवर, सुरेचा थेंब सांडलेला नाही.
लोक म्हणाले, नजर लागली.
आई म्हणाली, देवचाराला विडी द्यायची राहिली.

डॉक्टर बराच वेळ काही लिहीत नव्हत्या.
मग म्हणाल्या, तुम्ही चाललात त्याचं तुम्हाला मिळालंय,
ते सोडू नका.
ही गोळी, वडिलांनी दिलंय त्याच्यासाठी.

घरी आलो. पंचांग सरकवलं.
पाकिटावर झुरळाची अंडी.
दुसरं आणलं.

पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दुखल्या
आणि मी मोठ्या आनंदाने फोन केला,
बघा, तुमची गोळी!
त्यांनी एक तपासणी करून घेतली, ती बरी आली.
चपला कसल्या घालता, विचारलं.
चपला बदलल्या. दुखणं गेलं.
थोडा हिरमुसलो, खरं सांगायचं तर.

आता बांध निसरडा असतो त्या दिवसांत
मी बोटीवर जातो. पायी माणसाला तिकीट नाही.
डेकच्या या टोकाकडून त्या टोकाकडे,
रायबंदर येतं, वळतो, चोडण येतं, वळतो.
माझ्या जागी आलेला मिंगेल
इंजिनाच्या भोकातून डोकं काढून ओरडतो,
बोट चलताच मरे, तूं कित्याक चलता?
मी त्याला पाईप साफ केलीस का विचारतो.

रात्री शेवटच्या फेरीचा भोंगा होतो.
सुकांती पाण्याचा पेला पुढे करते,
बघत उभी राहते, मी गिळेपर्यंत.
कधी कधी जिभेवर ठेवूनच
मी बाबांचं वय माझ्या वयातून वजा करतो.
अकरा.
मग पाणी.