पन्नास अँपिअर

मे महिना. शिकुतिमीत अंगणाच्या उत्तर कोपऱ्याला
अजून मूठभर मळकं बर्फ चिकटलेलं.
मादाम पेल्तिए म्हणाल्या, बूट काढू नका, फरशी गार आहे,
आणि तळघराचा दिवा लावून स्वतः पायरीवरच थांबल्या.

पोहण्याच्या तलावाला हीट पंप हवाय त्यांना.
डॉक्टरांनी खुब्यासाठी पाणी सांगितलंय,
आणि इथलं पाणी जुलैतही हाडाशी भांडतं.

मी पॅनेलचं झाकण उघडलं.
शंभर अँपिअर, एकही खाच रिकामी नाही,
प्रत्येकीसमोर कागदी पट्टी, पट्टीवर शिसपेन्सिलीचं तिरकं अक्षर:
शेगडी. ड्रायर. गरम पाणी. मिरेयची खोली.
आणि तळाशी, दोन खाचा अडवून: नॉर्मां, वेल्डिंग.

मिरेय व्हँकुव्हरला गेली त्याला एकवीस वर्षं झाली.
तिच्या नावावर पंधरा अँपिअर अजून राखीव.

मी पुठ्ठ्यावर बेरीज मांडली.
आमचा नियम शहाणा आहे:
हिवाळ्यातली ऊब आणि उन्हाळ्यातलं पोहणं
एकदम मोजायचं नसतं, जे जास्त तेवढंच धरायचं.
माणसांचंही असं करता आलं असतं तर,
असं काहीतरी यानिकला सांगणार होतो,
पण त्याला पान्हा हवा होता.

"मादाम, स्वस्तात होतंय!" मी वर ओरडलो.
"गॅरेजमधली वेल्डिंगची लाइन काढतो, पन्नासचीच आहे,
तीच बाहेर वळवली की झालं.
खांबावरून नवी तार नको, अर्ध्या दिवसाचं काम."

पायरीवर काही हललं नाही.
मग: "मशीन तर मी कधीच विकलं. त्याच्या पुतण्याला."
"मग सोपंच."
"नाही. मोठं पॅनेल बसवा. दोनशेचं."
"चार हजार डॉलर जास्त पडतील."
"आकडे कळतात मला. पस्तीस वर्षं बँकेत होते."

बसवलं. दोन दिवस लागले.
वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत घर अंधारात,
त्यांनी अंगणात छोट्या गॅसवर सूप गरम करून आम्हाला दिलं.
चर खणला, पाइपातून जाड तार ओढली,
तलावाची पत्र्याची कड, शिडी, पंप,
सगळं तांब्यानं एकमेकांना बांधलं, तीनदा तपासलं.
पाणी आणि वीज एका घरात नांदवायची
तर मध्यस्थानं झोपून चालत नाही.

शेवटी नवं दार. यानिक लेबल छापायचं यंत्र घेऊन उभा.
मादाम पहिल्यांदाच खाली आल्या, चष्मा लावला,
जुन्या पट्ट्या वाचत गेल्या, तो छापत गेला.
शेगडी. ड्रायर. गरम पाणी. मिरेयची खोली.
मग थांबल्या.
"हे छापू नका."
तळाची पट्टी नखानं सोडवली, धूळ फुंकली,
नव्या दारावर दाबून धरली. चिकटेना.
यानिकनं आपली काळी टेप फाडून दिली.

ती लाइन चालू आहे. गॅरेजपर्यंत जाते, तिथं काही नाही.

सप्टेंबरात शेजारच्या घरी काम निघालं.
कुंपणापलीकडे पंप घुमत होता,
पाण्यावर वाफ होती, आणि वाफेतून
एक निळी टोपी, घाई नसलेली,
या काठाकडून त्या काठाकडे.