नळाजवळची माती

सोहारच्या या घराला अंगण आहे,
पंधरा पावलांचं, कंपनीनं दिलेलं.
आधी माती ओळख, शेजारचे शम्बे म्हणाले,
खजुराची बी कुंपणाबाहेर थुंकत,
रोपाचं नाव मग काढ.

मूठभर माती ओली केली, आवळली.
लाडू वळलाच नाही.
तूप कमी पडलेल्या बेसनासारखी
बोटांतून सुटत गेली.

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत दोन मुठी,
वर पाणी, साबणाचे दोन थेंब, झाकण.
खळाखळा हलवून ओट्यावर ठेवली.
चहाला उकळी येईतो सगळी तळाला,
वरच्या पाण्यातून
भिंतीवरच्या कॅलेंडरातला वार वाचता येत होता.

चमचाभर व्हिनेगर टाकलं तर फसफसली.
शिंपल्यांचा चुरा आहे हा, शम्बे म्हणाले,
माझ्या आजोबांची होडी इथंच लागायची,
तुझं वॉशिंग मशीन आहे ना, तिथं.
शम्बे फार वाढवून सांगतात.
तरी मी मशीनकडे पाहिलं.

नळाजवळ मात्र टाच रुतली.
वीतभर खणलं. गडद, चिवट माती,
दाबली की बोटांचे ठसे राखणारी.
चिमटीत लांबवली तर अंगठ्याएवढी पट्टी निघाली,
मगच तुटली.
तिची बरणी वेगळी मांडली.
रात्री गढूळ. सकाळी गढूळ.
मी बरणीला हात लावू देईना कुणाला.
तिसऱ्या दिवशी खाली रेती दिसली, मध्ये पोयटा,
आणि वर सायीसारखी
चिकणमाती.

ही इथली नाही, शम्बे वास घेऊन म्हणाले.
डोंगराकडच्या वादीतला गाळ आहे,
कुणीतरी पोत्यानं आणलाय.

कुणी?
कंपनीच्या नोंदीत दोन तारखा निघाल्या,
आले ती आणि गेले ती. मधे अकरा वर्षं.
नाव असलेला कागद सापडेना.

आणखी खणताना कालथा लागला,
दांडा गंजलेला,
झिजलेला फक्त उजव्या कोपऱ्यात.
म्हणजे डावखुरं माणूस.
एवढंच कळलं,
आणि हे, की त्यालाही
वाळूत न येणारं काहीतरी हवं होतं.

मस्कतहून आलेला अळूचा कांदा
मी तिथंच लावला, नळाच्या थेंबाखाली.
कालथा घासून घेतला.
रोज सकाळी त्यानंच माती हलवते, उजव्या हातानं.
डावा कोपरा अजून
नवा आहे.