उलट्या पाकळ्या

रात्रीतून घड्याळं एक तास पुढे सरकली
आणि बफेलोतल्या आमच्या गल्लीनं तो तास
मुकाट्यानं देऊन टाकला, कुणी जागं न होता.
मी मात्र उठून गॅरेजात गेले,
कोळ्याची जाळी झटकून कुदळ काढली.

अडतीस अंश. म्हणजे तीन,
डोक्यातली जुनी शाळा अजून हिशेब करून देते.
उत्तरेच्या भिंतीशी बर्फाचा शेवटचा ढीग,
काळपट, भोकं पडलेला,
भांडी घासून घासून विटलेल्या स्पंजासारखा.
पाण्याची नळी उचलली
तर वेटोळ्यासकट अख्खीच्या अख्खी उचलली गेली,
हिरवी चकली.

कुदळ मारली. टण्ण.
वर दोन बोटं चिखल, खाली दगड झालेली माती.

कुंपणापलीकडे लोरेटा विश्नेव्स्की,
नाइटगाउनवर मेलेल्या नवऱ्याचा कोट, पायात त्याचेच बूट.
"अजून दोनदा बर्फ पडायचाय," ती ओरडली,
"आत जा, कॉफी पी."
माझ्या गुडघ्यांना वेलक्रोचे निळे पॅड बांधलेले.
उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं बाशिंग
हिला इंग्रजीत कसं समजावणार?
एकटीच हसले. हसू वाफ होऊन बाहेर आलं.

मग जमेल तेवढं केलं.
मेपलची कुजकी पानं दाताळ्यानं ओढली,
सगळी नाही, त्यांच्याखाली अजून कोण कोण झोपलेलं असतं.
एक टेनिसचा चेंडू निघाला,
कपड्यांचा एक चिमटा,
आणि एक हातमोजा, गोठलेला,
बोटं अर्धवट मिटून काहीतरी धरल्यासारखा.

शेवटी लसणाच्या वाफ्याशी आले.

ऑक्टोबरात तो मी आणि मृण्मयीनं लावला.
म्हणजे मी लावला, आणि तिला लावायला लावला.
चौदा वर्षांची. शाळेत ती मिमी असते,
कारण 'मृ'वर तिथं सगळ्यांच्या जिभा ठेचकाळतात,
आणि आता घरातही मिमीच म्हणा, असं तिचं म्हणणं.
त्या शनिवारी मैत्रिणी भोपळ्यांच्या शेतावर गेलेल्या
आणि ही इथे, मूठभर पाकळ्या घेऊन, माझ्याबरोबर.
"टोक वर, बूड खाली, चार बोटं खोल,"
मी म्हणाले. पुन्हा म्हणाले.
तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा
माझ्या डोळ्यांत बघत, अगदी सावकाश,
तिनं एक पाकळी उलटी खोचली.
मग दुसरी. मग अख्खी ओळ.
मागाहून उकरून सरळ करायच्या होत्या मला.
केल्या नाहीत. कंबर धरली होती, हे एक कारण.
दुसरं आता आठवत नाही.

आज पेंढा सारला.
माझ्या ओळीत अठरा कोंब, बोटभर उंच,
प्रार्थनेला उभी केलेली मुलं.
तिच्या ओळीत काहीच नाही.
बोटानं जरा उकरलं. गारठा नखातून कोपरापर्यंत गेला.
आणि तिथे, खाली, एक पांढरट काहीतरी:
आधी खालीच गेलेला कोंब,
मग कशावरून कोण जाणे वळलेला,
स्वतःच्या पाकळीला वळसा घालून
कुबड काढून वर निघालेला.
घाईघाईनं माती परत लोटली,
कुणाच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखं वाटलं.

मागचं दार वाजलं.
पायजमा, माझी शाल, अनवाणी पायांत बापाच्या सपाता.
"माझे कुठले?"
दाखवले.
"इथे तर काहीच नाही."
"येतायत," मी म्हणाले, "लांबून येतायत."
तिनं भुवई उडवली. तरी जरा वेळ वाकून बघत राहिली,
केस मातीला टेकेपर्यंत.
मग दाताळं ओढलं दहा मिनिटं,
गार पडलं म्हणाली,
आणि ते दात वर करून तसंच टाकून गेली.
मी ते पालथं केलं.

रात्री पंचवीसवर उतरणार, म्हणजे शून्याखाली चार.
पेंढा पुन्हा पसरला,
तिच्या ओळीवर जरा जाड,
माझ्या ओळीवर उरला तेवढा.
लोरेटाच्या बाजूनं
बर्फाची पहिली कणी आली तेव्हा
मी अजून गुडघ्यांवरच होते.